पारदर्शक ऑर्किड कुंडी: मुळांचा हिशेब समोर

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडसाठी बाजूला खाचा असलेली ही पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी घेतली, आणि पाणी कधी घालायचं हा रोजचा घोळ मिटला. मुळं हिरवी दिसली की ओल आहे, थांबायचं. चंदेरी-पांढरट झाली की पाणी द्यायचं. माती चाचपून हे कळत नाही, कारण माती नसतेच, झाडाच्या सालीचे तुकडे असतात.

खरी किंमत कळली ती पानं सुरकुतल्यावर. अशा वेळी झाड तहानलंय असं वाटून हात आधी झारीकडे जातो. पण तळाशी तपकिरी मुळं दिसत होती. बाहेर काढून चिमटीत धरली तर वरचं आवरण मोज्यासारखं सरकून आलं, आत नुसता दोरा. कुजलेलं तेवढं निर्जंतुक कात्रीने छाटलं, टणक मुळं ठेवली, साल नवी भरली. (कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावतात, पण निरोगी मुळांवर ती पडली तर ती मुळंही सुकतात, म्हणून मी लावत नाही.)

तक्रारी आहेतच. कुंडी वजनाला हलकी, फुलांचा दांडा आला की कलंडते. उजेडाने आत शेवाळ धरतं. खाचांतून बाहेर आलेली मुळं कुंडी बदलताना मोडतात, तेव्हा सरळ कुंडीच कापावी. तरी पुढची कुंडीही हीच घेईन, फक्त जड बाहेरच्या कुंडीत बसवून.