दाखवले एक रान, खरेदीखतात दुसरेच: माण तालुक्यातील पडीक जमिनीचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मी ४ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर पडीक जमीन एकरी साडेतीन लाखांनी विकत घेतली आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेली बहुतेक रक्कम त्यात घालवून बसलो. तीन पावसाळे चराईबंदी करून पवना आणि मारवेल ही गवते पुन्हा उभी करावीत, मग त्या कुरणावर सहा-सात खिल्लार गायी मोकळ्या चराव्यात, एवढाच माझा विचार होता. असाच विचार मनात धरून माळरान शोधत फिरणारे अनेक जण मला भेटतात, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

मध्यस्थाने आम्हाला दाखवलेले रान ओढ्याच्या अलीकडे होते. उताराचे असले तरी दीड-दोन फूट मातीचे, कडेला हिवर आणि बोरी असलेले. त्याने पवन्याचा एक ठोंब मुळासकट उपटून माझ्या पत्नीच्या हातात दिला आणि मुळाला चिकटलेली माती बोटांनी चुरून दाखवली. तेवढ्यात एक वयस्कर मेंढपाळ मेंढरे घेऊन तेथे आला. हा कोण, असे विचारताच मध्यस्थ म्हणाला, "मालक पुण्याला असतात, रान बेवारस पडलंय, म्हणून कुणीही येऊन चारतं." मला ते पटले, कारण मी दुर्लक्षित जमीनच शोधत होतो. आज वाटते, त्या मेंढपाळाशी मी पाच मिनिटे बोललो असतो तर सगळे तेथेच थांबले असते.

कागदपत्रांत मी कसूर केली नव्हती. मी स्वतः खातेदार शेतकरी असल्याने खरेदीला कायद्याची अडचण नव्हती. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) आणि सूची क्रमांक २ (नोंदणीकृत दस्तांचा गोषवारा) तपासले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे मालकाला मोकळेपणाने विकता येणारी होती आणि इतर हक्कांत बोजा नव्हता. खटकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सातबाऱ्यावर निम्म्याहून अधिक क्षेत्र पोटखराबा वर्ग 'अ', म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून दाखवलेले होते. "ती जुनी नोंद आहे, असा पोटखराबा आता लागवडीखाली आणता येतो, रान तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय," असे उत्तर मिळाले. त्यातील मधले वाक्य खरे होते, आणि त्याच्या आधारावर बाकीचे खपून गेले. मोजणीचा विषय काढला तेव्हा "मोजणीला महिने लागतात, दुसरं गिऱ्हाईक विसार घेऊन बसलंय," असे सांगून आम्हाला घाई करण्यात आली.

खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नाव लागले, मी तारेचे कुंपण घातले आणि मारवेलचे ठोंब लावले. आठवड्याभरात तोच मेंढपाळ गावातील चौघांना घेऊन आला आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "सायेब, हे गावाचं गायरान हाय. कुंपन कशापायी घातलं?"

मी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पक्क्या करून मिळण्याचा अर्ज केला. मोजणीच्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन माझ्या कुंपणापाशी थांबलाच नाही. तो ओढा ओलांडून पलीकडच्या टेकाडावर गेला आणि तेथे त्याने हद्दीच्या खुणा केल्या. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, माझा गट तोच आहे: उघडा खडक आणि मुरूम, कुसळी गवतसुद्धा जेमतेम तग धरील असा. खरेदीखतात त्याच गटाचा क्रमांक आणि त्याच्याच चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. दस्त नोंदवताना जमीन प्रत्यक्ष कोठे आहे हे कोणी पाहत नाही. गायरानाची मालकी शासनाची, राखण ग्रामपंचायतीची. अशा सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजीच दिलेला आहे. म्हणजे फसवला गेलेला मी गावाच्या नजरेत मात्र अतिक्रमण करणारा ठरलो. पैशांपेक्षा याचे दुःख मला अधिक आहे.

पिकाऊ शेतात बांध असतो, विहीर असते, शेजारचा शेतकरी औत थांबवून कोणाचे रान ते सांगतो. पडीक माळाला यातले काहीच नसते आणि असा व्यवहार करणाऱ्यांना नेमके तेच सोयीचे पडते. म्हणून विसार देण्याआधी विकणाऱ्यालाच मोजणीचा अर्ज करायला लावा, खुणा होताना स्वतः उभे राहा आणि 'क' प्रत साठेखताला (खरेदीआधीच्या कराराला) जोडा. महाभूनक्शा या शासनाच्या जमिनींच्या नकाशांच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून शेजारचे गट कोणाचे आहेत तेही पाहा. मी पाहिले असते तर ओढ्याची बाजू तेथेच कळली असती. आणि मध्यस्थाला सोबत न घेता एकदा गुरे चारणाऱ्यांकडे जा.

आम्ही खरेदीखतातलीच जमीन विकली, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मध्यस्थाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ओढ्याअलीकडच्या रानाचे फोटो आणि लोकेशन माझ्याकडे जपून ठेवलेले आहे, त्याच आधारावर पोलिसांत तक्रार आणि दिवाणी दावा दोन्ही दाखल केले आहेत. दिवाणी दाव्याला फसवणूक उघड झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती मी हातची जाऊ दिली नाही. कुंपण मी लगेच काढून घेतले. मारवेलचे ठोंब मात्र तेथेच राहू दिले. यंदाच्या पावसात ते चांगले फुटले असून गावाची मेंढरे त्यावर चरतात.