प्लॅटफॉर्मआडचा तिसरा रूळ

खेळण्यातल्या एका जुन्या रेल्वे इंजिनापायी साडेछत्तीस हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. त्यातले ३२,००० गेले तेव्हा मी आनंदात होतो. उरलेले ४,५०० गेले तेव्हा पोटात कालवत होतं, तरी बोटांनी पिन दाबलाच. लाज वाटते ती या साडेचार हजारांची.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. मुलाला दाखवायला म्हणून नेलं. खेळ संपल्यावर तो आइस्क्रीमसाठी ओढत होता आणि उठत नव्हतो तो मी. निवृत्त झालो तशी डोंबिवलीतल्या घराच्या आतल्या खोलीत ६ बाय ४ फुटांची प्लायवूडची फळी आली. तिच्यावर दोन रुळांचा डबल-ओ (छोट्या रेल्वेचं एक माप) ट्रॅक, एक स्टेशन, एक बोगदा. बोगद्यात मांजर झोपतं, त्यामुळे गाड्या वेळेवर सुटत नाहीत.

माझी इंजिनं आजच्या काळातली, प्लास्टिकची. बारीक कामाला सुरेख, पण हातात घेतली की वजनच नाही. म्हणून 'हॉर्नबी डब्लो'चा ध्यास लागला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकानो या खेळण्यांच्या कंपनीच्या कारखान्याने ही मालिका १९३८ मध्ये काढली. इंजिनाचं अंग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेलं, उचललं की पाव किलोच्या वजनासारखं हाताला लागणारं. त्यातली किरमिजी रंगाची 'डचेस ऑफ अथॉल', नंबर ६२३१, मला हवी होती.

जुन्या डब्लोची एक खोड मला चांगली ठाऊक होती. ती तीन रुळांची. मधल्या रुळातून वीज येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांमध्ये वीज अडवणारं काहीच नसतं. माझ्या ट्रॅकवर एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते; असं इंजिन त्यावर ठेवलं की थेट शॉर्ट. डब्लो दोन रुळांवर आली १९५९ मध्ये, आणि अथॉल त्याआधीची. म्हणजे चाकं बदलून घेतलेली असतील तरच ती माझ्या कामाची.

बाहेरून का नाही मागवली? खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यात २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्ती. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनाला आयएसआय शिक्का कुठून आणायचा? कस्टममध्ये पार्सल अडकल्याच्या गोष्टी ऐकून हौशी माणूस देशातल्या देशात शोधायला लागतो. तिथे माल थोडा आणि आमच्यासारखे आसुसलेले फार.

एका ओळखीच्याच्या ओळखीतून विकणारा भेटला. दक्षिणेतल्या एका शहरात वाढलेला मराठी घरातला मुलगा, तिशीतला, बोलायला अतिशय गोड. दुसऱ्याच फोनपासून मी 'काका'. त्याचे पणजोबा रेल्वेत फोरमन होते, म्हणे. १९४४ मध्ये बदली होऊन जाताना गोऱ्या साहेबाने हे इंजिन खोक्यासकट त्यांना दिलं. तेव्हापासून ते कपाटातच होतं आणि अजून मूळ रंगात होतं.

इथेच थांबायला हवं होतं. डचेस ऑफ अथॉल युद्धाच्या तोंडावर जाहीर झाली खरी, पण दुकानात आली ती युद्ध संपल्यावर. १९४४ मध्ये ती कोणत्याही साहेबाच्या हाती असणं शक्य नव्हतं. ही गोष्ट मी स्वतः दोन-चार जणांना चहा पिता पिता ऐकवलेली आहे. त्या रात्री मात्र साहेब, फोरमन आणि कपाट यांत मी इतका रमलो की सालाकडे लक्षच गेलं नाही.

"दोन रुळांवर चालेल का?" असं मी विचारलंच. "हो काका, कन्व्हर्ट केलंय, व्हिडिओच पाठवतो." व्हिडिओ आला चाळीस सेकंदांचा. गाडी डावीकडून येते, झोकात वळते, उजवीकडे निघून जाते. मी तो किती वेळा पाहिला ते विचारू नका. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, रूळ कुठे दिसतायत यात?" पुढे प्लॅटफॉर्म होता, त्याच्या कडेला हिरवी झुडपं लावलेली. रूळ त्यांच्या आड. मी म्हटलं, मांडणी किती छान केलीय बघ.

पैसे यूपीआयने पाठवले. पार्सल सहाव्या दिवशी आलं. खोका निळा, कडक, देखणा. इंजिन वजनदार. ट्रॅकवर ठेवलं, नॉब फिरवला आणि कंट्रोलरवरचा शॉर्ट दाखवणारा लाल दिवा लागला. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. मल्टिमीटर लावला. आता नुसत्या 'बीप'वर जाऊ नये, कारण मोटरमधूनही बीप येऊ शकते. ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाचावेत. मोटरमधून जात असेल तर काही ओहम दिसतात. माझ्याकडे डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे आकडा आला जवळजवळ शून्य, म्हणजे चाकं बदललेलीच नव्हती. उलटं करून पाहिलं, तर मधल्या रुळाला टेकणारे पितळी चमचे जागच्या जागी. त्याने पाठवलेल्या अकरा फोटोंत पोटाखालचा एकही नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

फोन केला. तो जराही गडबडला नाही. "काका, कन्व्हर्जन अर्धं झालंय असं मी बोललो होतो ना? चाकांचा सेट वेगळा आहे, साडेचार हजार. आज पाठवलेत तर उद्या कुरिअर." तो असं बोलला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते मान्य केलं तर आपण बत्तीस हजारांना गंडलो हेही मान्य करावं लागलं असतं. साडेचार हजारांत ते टळत होतं. पाठवले. चाकं अर्थातच आली नाहीत, आणि चार दिवसांनी त्याचा नंबरही लागेनासा झाला.

मग ठाण्याचे एक स्नेही आले. चाळीस वर्षं मोटर-वाइंडिंग केलेले, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी एक वायर चमच्याला, दुसरी चाकाला लावली आणि मध्ये अँपिअरमीटर घातला. धडधाकट डब्लो मोटर अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते. हिने दीडच्या वर घेतला. चाकं भन्नाट फिरली, पण बोट टेकवताच थांबली आणि दोन मिनिटांत वार्निश तापल्याचा वास सुटला. "लोहचुंबक मेलंय," ते म्हणाले. कोणीतरी आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढताना चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाची पट्टी ठेवली नसणार. तशा वेळी जुनी चुंबकं जोर गमावतात. चुंबक अशक्त झालं की मोटर रिकामी असताना जास्तच वेगाने पळते, वीज खाते आणि ओझं पडलं की बसते. व्हिडिओतला तो झोकदार वेग म्हणजे आजाराचं लक्षण होतं. मागे एकही डबा का नव्हता, तेही उलगडलं. दोन डबे जोडून चढावर चालवून दाखव, एवढं मी म्हटलं असतं तर चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ निघालाच नसता.

खोक्याची परीक्षा माझी. खालच्या कापडवाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं कागदात सर्रास वापरली जाऊ लागली १९५० च्या दशकापासून, आणि त्या दिव्याखाली ती निळी चमकतात. माझा 'साहेबाचा' खोका ट्यूबलाइटसारखा उजळला. असे नवे खोके इंग्लंडमध्ये उघडपणे, नक्कल म्हणून विकतात, त्यात गैर काही नाही. गैर एवढंच, की तो मला जुना म्हणून विकला. रंगाचंही तेच. कॅबच्या (ड्रायव्हरच्या केबिनच्या) आतल्या कोपऱ्यात ओघळ सुकलेले होते आणि रिव्हेटचे ठिपके रंगाखाली बुजलेले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. ओळखीच्या वकिलांनी मात्र आशा लावू नका असं सांगितलं: इंजिन म्हणून इंजिन मिळालंय, आता ते कसं होतं यावर भांडण. मग मी आमचं सगळं चॅट पुन्हा वाचून काढलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते तिथेच. त्याने लेखी लिहिलं होतं, 'चालू आहे', 'खोका आहे', 'व्हिडिओ बघा'. कन्व्हर्ट, मूळ रंग, १९४४, हे सगळं फोनवर. लेखी विचारायचं मला सुचलंच नाही. आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून पोटाखालचा फोटो मागवायचं तर मनातही आलं नाही. काका म्हणणाऱ्या मुलाला असं कसं सांगायचं?

स्नेह्यांनी जुन्या चुंबकाच्या जागी निओडिमियमच्या नव्या चुंबकाचे तुकडे बसवून दिले. आता ती अर्ध्या अँपिअरवर चालते, पण फळीवर नाही, तीन रुळांच्या चार फुटांच्या तुकड्यावर, पुढेमागे. इंजिन मुळात दुर्मिळही नाही, हेही नंतर कळलं. इंग्लंडमध्ये त्यांची रेलचेल आहे.

गेल्या महिन्यात एकाने विचारलं, इंजिन नको, नुसता खोका देता का, तीन हजार देतो. मी झाकणाच्या आत जाड मार्करने लिहिलं, 'खोका नवा. रंग नवा. चुंबक नवं. चाकं तीन रुळांची.' आणि त्याचा फोटो त्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.