संसद डॉट इन: दिव्यांगांच्या पेन्शनचा हिशेब मागायला कितपत कामाचं?

दिव्यांगांच्या पेन्शनवर, साहित्यावर, संस्थांच्या अनुदानावर केंद्र सरकार किती पैसा ठेवतं, त्यातला किती खर्च होतो आणि खासदार त्याचा जाब कसा विचारतात, हे घरबसल्या पाहायचं असेल तर जायची जागा म्हणजे संसद डॉट इन. लोकसभा आणि राज्यसभा यांची पूर्वीची वेगवेगळी संकेतस्थळं आता इथं एका छताखाली आहेत. प्रश्नोत्तरं वाचायला पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. दिव्यांगांच्या संघटनांनी, पालकांनी आणि तालुक्याच्या पत्रकारांनी हे संकेतस्थळ वापरायलाच हवं. पण नुसतं उघडून ‘पेन्शन’ शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. दोष निम्मा संकेतस्थळाचा आणि निम्मा सरकारच्या रचनेचा आहे.

पहिली ठेच मंत्रालयापाशी लागते. दिव्यांग सक्षमीकरण विभाग सामाजिक न्याय मंत्रालयात आहे, म्हणून बहुतेक जण तिथंच शोधतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन मात्र राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात येतं आणि तो कार्यक्रम ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. लाभार्थी शहरातला असला तरी उत्तर ग्रामविकास मंत्रीच देतात. आयकरातली दिव्यांगांची वजावट अर्थ मंत्रालयाकडे, गाडीभाड्यातली सवलत रेल्वेकडे, प्रमाणपत्र देणारं रुग्णालय आरोग्य खात्याच्या किंवा राज्याच्या अखत्यारीत. कृत्रिम अवयव आणि साहित्याची ‘एडिप’ योजना, स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणारी दीनदयाळ योजना, दिव्यांग कायद्याच्या अंमलबजावणीची ‘सिप्डा’ योजना अशा योजना मात्र दिव्यांग विभागात सापडतात. एकाच माणसाचा प्रश्न चार-पाच खणांत विखुरलेला आहे आणि संकेतस्थळ ते खण जोडून दाखवत नाही.

शोधायची रीत अशी. आधी सभागृह निवडायचं. मग प्रश्नांच्या विभागात जाऊन लोकसभेसाठी कितवी लोकसभा आणि कितवं अधिवेशन, राज्यसभेसाठी अधिवेशन क्रमांक, आणि त्यानंतर मंत्रालय निवडायचं. विषयाच्या रकान्यात एकच शब्द टाकून थांबू नये. इंग्रजी बाजूला ‘डिसेबिलिटी’, ‘डिसेबल्ड’, ‘दिव्यांगजन’, ‘डिफरंटली एबल्ड’ हे चारही शब्द वेगवेगळे टाकून पाहावेत, कारण प्रश्नाचं शीर्षक खासदाराने वापरलेल्या शब्दावर जातं. २०१६ च्या आधीच्या प्रश्नांत ‘दिव्यांगजन’ जवळपास सापडणारच नाही. पेन्शनसाठी योजनेचं इंग्रजी लघुरूप ‘आयजीएनडीपीएस’ टाकावं आणि ‘सोशल असिस्टन्स’ हेही, कारण पुष्कळदा वृद्ध, विधवा आणि दिव्यांग या तिन्ही पेन्शनी एकाच प्रश्नात येतात आणि शीर्षकात दिव्यांगांचा उल्लेखही नसतो.

लोकसभेच्या उत्तराची फाइल ‘एएस’ने सुरू होत असेल तर प्रश्न तारांकित, ‘एयू’ने होत असेल तर अतारांकित. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीवर असतात. पण तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं लेखी म्हणून पटलावर ठेवली जातात. तेव्हा तारांकित प्रश्न हाती लागला की त्या दिवसाचं कामकाजही उघडून पाहावं. मंत्र्यांचा खरा कस पुरवणी प्रश्नांत लागतो आणि तो मजकूर उत्तराच्या फाइलमध्ये नसतो. अतारांकितांची उत्तरं लेखीच, पण राज्यवार तक्ते त्यांतच मिळतात. हिशेबासाठी तेच जास्त कामाचे.

तक्ता वाचताना तीन चुका हमखास होतात. तक्त्याच्या डोक्यावर ‘रुपये लाखांत’ की ‘कोटींत’ हे न पाहता आकडे उचलले जातात. चालू वर्षाचा आकडा अमुक तारखेपर्यंतचाच असतो, तो आधीच्या पूर्ण वर्षाशी ताडून ‘निधी घटला’ अशी बातमी होते. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे केंद्राने ‘वितरित केलेला’ निधी हा लाभार्थ्याला मिळालेला निधी समजणं. केंद्राकडून राज्याकडे गेलेल्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, आलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. महाराष्ट्रासमोर शून्य दिसलं तर ‘केंद्राने दिलं नाही’ असं लगेच म्हणू नये. राज्याने आधीचा हिशेब दिला होता का, हे आधी विचारावं.

उत्तरातली दोन वाक्यं ओळखायला शिकावीत. एक, ‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.’ हे आश्वासन धरलं जातं आणि ते तीन महिन्यांत पुरं व्हायला हवं. दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या त्याचा पाठपुरावा करतात. तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, पूर्तता दिसली नाही तर खासदाराला प्रश्न क्रमांकासह कळवा. दुसरं वाक्य, ‘हा राज्याचा विषय आहे.’ त्याला घटनेचा आधार आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची ९ वी नोंद अपंग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य हीच आहे. म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे का थकले, हे संसदेत विचारून उपयोग नाही. तो प्रश्न विधिमंडळाचा. लक्षवेधी, तारांकित प्रश्न, कपात सूचना ही साधनं तिथंही आहेत. केंद्राला मात्र विचारता येतं की त्या लाभार्थ्यांपैकी किती जणांसाठी केंद्राचा वाटा आला आणि कधी आला.

या संकेतस्थळावरचा खरा ऐवज समित्यांच्या अहवालांत आहे आणि तिकडे फार कमी लोक जातात, याचं वाईट वाटतं. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. सामाजिक न्याय आणि ग्रामविकास या दोन्ही समित्या लोकसभेच्या बाजूला सापडतील, आरोग्य आणि शिक्षण राज्यसभेच्या बाजूला. अर्थसंकल्पानंतर त्या ‘अनुदानांच्या मागण्या’, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. सचिवांना समोर बसवून विचारतात, खर्च का झाला नाही याची लेखी उत्तरं घेतात. सभागृहात ही तपासणी होईलच याचा भरवसा नाही. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर केल्या. अशा वर्षी दिव्यांगांच्या पैशावर संसदेची जी काही नजर पडते ती समितीच्या खोलीतच.

मूळ अहवालाइतकाच त्यानंतर येणारा कार्यवाही अहवाल महत्त्वाचा. सरकारने शिफारशींवर तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. या अहवालाची मांडणी ठरलेली आहे. दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने पाठपुरावा सोडलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही अशा, पाचव्यात अंतिम उत्तर बाकी असलेल्या. वेळ कमी असेल तर पहिलं आणि चौथं प्रकरण वाचा. पेन्शनची रक्कम वाढवा असं ग्रामविकास समितीने वर्षानुवर्षं सांगितलं आहे. रक्कम आहे तिथंच आहे: १८ ते ७९ वयाला महिना ३०० रुपये, आणि हा दर २०१२ पासूनचा. त्यातही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब या दोन्ही अटी.

पैशाचा माग काढताना अहवालातले तीन रकाने शेजारी शेजारी ठेवा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. फेब्रुवारीत गाजणारा आकडा पहिल्या रकान्यातला. दिव्यांग विभागाचा एकूण अंदाज २०२३-२४ मध्ये सुमारे १,२२५ कोटी, पुढच्या वर्षीही तेवढाच, आणि २०२५-२६ ला १,२७५ कोटी. वाढ दिसते, पण आत उतरलं की ‘सिप्डा’ २०२२-२३ च्या २४० कोटींवरून १५०, मग १३५, मग ११५ कोटींवर आलेली आढळते. रॅम्प, सुगम इमारती, वैश्विक ओळखपत्र हे सगळं याच योजनेतून. सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी दोन्ही वर्षं ९,६५२ कोटी. महागाई वाढते, लाभार्थ्यांची मर्यादा देशभरात ३.०९ कोटींवर बांधलेली, आणि रक्कम जागची हलत नाही. याच कार्यक्रमावरचा कॅगचा २०२३ चा १० क्रमांकाचा अहवाल सोबत वाचावा. ग्रामविकास मंत्रालयाने पेन्शनच्या निधीतले २.८३ कोटी इतर योजनांच्या प्रसिद्धीकडे वळवल्याची नोंद त्यात आहे. तो अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर मिळतो.

आता ज्याबद्दल मनापासून तक्रार आहे ते. ज्यांच्या हक्कांची ही कागदपत्रं आहेत त्यांनाच ती वाचता येत नाहीत. जुने अहवाल आणि कित्येक परिशिष्टं स्कॅन केलेली चित्रं आहेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावर गप्प राहतो. तक्ते धड टॅग केलेले नसले की अंध वाचकाला आकडे ऐकू येतात, पण ते कोणत्या राज्याचे ते कळत नाही. उपाय म्हणून फाइल उतरवून अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावी लागते. त्यात ३ चा ८ होतो, रकाने सरकतात, म्हणून प्रत्येक बेरीज डोळस माणसाकडून तपासून घ्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सुगम्यतेबद्दलचं, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याबद्दलचं, ४० वं कलम माहिती तंत्रज्ञानालाही लागू आहे. राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेची मानकं बंधनकारक असावीत असं बजावलं आहे. तेव्हा मजकुराला पाचपैकी चार गुण, शोधाला तीन, सुगम्यतेला दीड. तो दीडही नव्या उत्तरांच्या फाइलींतला मजकूर निवडता येतो म्हणून.

शोधून झाल्यावर नवा प्रश्न खासदाराकडे द्यायचा तर तो १५० शब्दांत बसवा, मत विचारू नका, आकडा विचारा. किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच मसुदा पोचवा. आज विचारण्याजोगा एक प्रश्न संकेतस्थळावरच्याच उत्तरांतून निघतो. दिव्यांग कायद्याच्या २४ व्या कलमानुसार दिव्यांगांची मदत इतरांसाठीच्या तत्सम योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. केंद्राच्या कार्यक्रमात विधवा पेन्शन ३०० रुपये आणि दिव्यांग पेन्शनही ३०० रुपये. ऐंशी वर्षांपुढे वृद्धाला ५०० आणि दिव्यांगालाही ५००. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० केलं, म्हणजे राज्याच्या योजनेत हे अंतर पडलं. केंद्राच्या योजनेत ते कधी पडणार, हे ग्रामविकास मंत्र्यांना विचारायचं. कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत आणि उत्तर त्यांच्याच आडोशाने येण्याचा संभव मोठा. म्हणून दुसरा उपप्रश्न आधीच जोडून द्या: ही वाढ दिली तर वर्षाला किती कोटी लागतील, याचा हिशेब मंत्रालयाने केला आहे का, आणि केला असेल तर तो पटलावर ठेवणार का?