मुलीसाठी रेसिंगची बीएमएक्स घेताय? मुलुंडचं हे दुकान बघाच (४ स्टार, पाचवा का नाही तेही सांगते)

रिव्ह्यू लांबणार आहे, आधीच सांगते. बीएमएक्स (मातीच्या चढउतारांच्या ट्रॅकवर पळवायची छोटी सायकल) घ्यायला निघालेल्या आईबापांना कुणी धड माहिती देत नाही आणि २० इंची चाकं असलेलं काहीही बीएमएक्स म्हणून गळ्यात मारतात, म्हणून सगळं लिहितेय.

आमची लेक बारा वर्षांची, पॅरिस ऑलिंपिकपासून साया साकाकिबाराची फॅन. २०२४ ला बीएमएक्स रेसिंगचं गोल्ड ऑस्ट्रेलियाला जिंकून देणारी हीच. तिचा भाऊ काई पण रेसर होता, २०२० मध्ये बाथर्स्टच्या रेसमध्ये पडला, मेंदूला मार लागला आणि त्याचं रेसिंग तिथेच थांबलं. ती स्वतः टोकियो ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये आपटली, आणि तरी तीन वर्षांनी गोल्ड घेऊन आली! लेक हे सगळं कौतुकाने सांगते आणि इकडे माझ्या पोटात गोळा. त्यामुळे सायकल राहू दे बाजूला, मला आधी हेल्मेट बघायचं होतं.

आणि इथेच हे दुकान आवडलं. काउंटरवरचे काका (सत्तरीला आलेत, हात अजून ग्रीसमध्ये) म्हणाले, "ताई, टोपीवालं हेल्मेट इथे चालत नाही, रेसला फुल फेसच लागतं, हनुवटी झाकली पाहिजे." मग तिच्या डोक्यात एकेक घालून बघितलं. गालाचे पॅड असे दाबले पाहिजेत की तोंड माशासारखं होईल, मग काकांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं, कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर साइज बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. "वर्षभराने पण होईल असं जरा मोठंच द्या" असं म्हणणाऱ्या एका बाबांना समोरच झापलं त्यांनी, मजा आली. अजून एक गोष्ट जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती, उंच पोनी बांधून फुल फेस बसतच नाही, मागे मानेजवळ सैल वेणी घालायची. हे काकांनी नाही, दुकानातल्या त्यांच्या सुनेने सांगितलं, आणि तिथल्या तिथे वेणी घालून पण दिली.

आता सायकल. आधी आम्ही एका मोठ्या एसी शोरूममध्ये गेलो होतो, नाव नाही घेत. तिथे मागच्या चाकाला लोखंडी पेग्ज (पाय ठेवायच्या नळ्या) लावलेली जडशीळ सायकल "मॅडम हीच बीएमएक्स, सगळे हीच नेतात" म्हणून पुढे केली. ती फ्रीस्टाइलची, म्हणजे उड्या आणि करामतींची. रेसिंगची वेगळीच असते, हलकी फ्रेम, एकच गिअर, सस्पेन्शन नाही, ब्रेक फक्त मागे. आणि सीट इतकी खाली की माझ्या सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "अगं पण बसायचं कुठे?" बसायचंच नसतं! अख्खी रेस जेमतेम पाऊण मिनिटाची, पोरी उभ्यानेच मारतात. काकांनी उंची मोजली (४ फूट १० इंच), फ्रेमची एक्सपर्ट साइज सांगितली, आणि मी "त्याहून मोठी, प्रो घेऊ का, पुढे वाढेल ना" विचारल्यावर नुसतं चष्म्यावरून बघितलं. कळलं मला.

मागच्या हबवर (चाकाच्या मधला फिरणारा भाग) मात्र त्यांनी चांगला अर्धा तास घेतला. चाक वर उचलून पेडल मागे फिरवायचं आणि मग पुढे दाबायचं, किती रिकामं फिरतं ते बघायचं. स्वस्त हबमध्ये पेडल आधी थोडं हवेतच जातं आणि मग चाक पकडतं. मला वाटलं एवढ्याशाने काय फरक पडतो, तर लेकीने लगेच टोकियोचा हिशेब काढला, ब्रिटनची बेथ श्रीवर ४४.३५८ सेकंद, कोलंबियाची मारियाना पाहोन ४४.४४८, म्हणजे गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये ०.०९ सेकंद. त्यात सुरुवातीच्या गेटचे (पुढचं चाक टेकवून उभं राहतात ती पाटी, सुटताना खाली पडते) दिवे कधी लागतील ते पण नक्की नसतं, मुद्दाम मागेपुढे करतात, म्हणजे कुणी अंदाजाने निघू नये. काकांनी मग तिला सायकलवर चढवून पुढचं चाक दुकानाच्या पायरीला टेकवलं आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवून तोल धरायला लावला, गेटवर असंच उभं राहतात म्हणे. पहिल्यांदा दोन सेकंदांत पाय खाली. "रोज भिंतीला लावून कर, रेस नंतर." यासाठी वेगळे पैसे नाही घेतले हं.

पैशांचं बोलायचं तर स्वस्त नाही. हेल्मेट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड धरून साठ हजारांच्या पुढे गेलं, नवरा दोन दिवस गप्प होता. कार्बनची फ्रेम मागितली असती तर अजून किती झालं असतं देव जाणे, पण काकांनीच नको म्हटलं. ज्यांना वाटतं बाहेरच्या देशात सगळं आयतं मिळतं त्यांच्यासाठी, याच बेथ श्रीवरचं उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ब्रिटनमध्ये बायकांच्या बीएमएक्सचं फंडिंगच थांबवलं, पुरुषांचं चालू. ही शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून पार्टटाइम काम करायची आणि क्वालिफाय व्हायच्या रेसेससाठी लोकांकडून ५० हजार पौंड गोळा करायला निघाली. मग २०२१ ला टोकियोचं ऑलिंपिक गोल्ड आणि त्याच वर्षी वर्ल्ड टायटल. आणि पॅरिसला फायनलपर्यंत सगळ्या रन्स जिंकून फायनलला शेवटची, आठवी. या खेळात करिअर म्हणजे हे असं आहे, आणि काका लेकीला हे स्पष्ट सांगतात, "हिला ऑलिंपिकला नेतो" वगैरे गोड बोलून माल खपवत नाहीत. मला तेच पटलं.

आता एक स्टार का कापला. पार्ट मागवला की "चार दिवसांत" म्हणतात आणि तीन आठवडे जातात, फोन केला तर उचलत नाहीत, सून असेल तरच उत्तर मिळतं. ब्रेकची वायर आणि रेसची (हँडलवर लावायची) नंबर प्लेट अजून आलेली नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, वॉरंटीसाठी लागतं, मागून घ्याच. पार्किंग विसरा. आणि दुकान इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाईकं आली की तिसरं फुटपाथवर.

एक गोष्ट दुकानाच्या हातात नाही, पण लिहितेच. पाहोनच्या गावात, मेडेयीनला, तिच्या नावाचा ट्रॅक आहे. लंडन आणि रिओ दोन्हीकडे गोल्ड, टोकियोला सिल्व्हर, मग नाव देणारच. आमच्याकडे सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प, सकाळी सातच्या आत, कारण सातनंतर सेक्रेटरी खाली उतरतात. काकांनी त्या रॅम्पवर काय काय करता येईल ते सांगितलंय, स्टार्ट आणि पंपिंग (पेडल न मारता अंगाच्या दाबाने वेग घेणं) दोन्ही होतं म्हणे, उड्या मात्र नाही.

जाणार असाल तर वीकडेला दुपारी जा, रविवारी संध्याकाळी नुसते पंक्चरवाले असतात आणि काका चिडलेले. मुलीला बरोबर न्या, नुसतं माप घेऊन गेलात तर परत पाठवतात. सायकल लोकलने आणणार असाल तर लगेजच्या डब्यातून आणा आणि त्याआधी पेडल काढून मागा, काढून पिशवीत बांधून देतात, फक्त डावं पेडल उलट्या आट्याचं असतं तेवढं घरी बसवताना लक्षात ठेवा.