बकऱ्याच्या कातड्याचे घुमट : चवथीच्या आरतीला पुरे पडते का?

घुमट म्हणजे मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून केलेले, गोव्यात आरतीला वाजणारे वाद्य. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर बाजारात मिळणारे घुमट आता बकऱ्याच्या कातड्याचेच असते. पूर्वी वापरत ते घोरपडीचे कातडे कुणी आडून-पाडून देऊ केले तरी हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. २०१९ साली घुमट गोवा राज्याचे वारसा वाद्य ठरले, तेव्हापासून मागणी वाढली आणि मालात डावे-उजवेही वाढले. म्हणून आधी पारखायचे कसे ते पाहू.

नादाबद्दल जुने वाजवणारे कुरकुरतात, ती कुरकूर खोटी नाही. बकऱ्याचे कातडे जाड असते, बोट मारल्यावर ते तितक्या चपळाईने उसळत नाही. त्यामुळे द्रुत लयीत, सुंवारीच्या (घुमटांच्या सामूहिक वादनाच्या) वेळी, बोल एकमेकांत मिसळतात. खर्ज मात्र फारसा कमी होत नाही, कारण तो मडक्याच्या पोटातून येतो. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड उघडझाप करायचे. घुमटाची सगळी गंमत या डाव्या हातात आहे. म्हणून घेताना तळवा त्या तोंडावर ठेवून पाहावा. तोंड पूर्ण झाकले गेले नाही, तर कितीही सराव केला तरी आवाज फुसकाच राहणार. मुलांसाठी लहान तोंडाचे वेगळे घ्यावे.

मातीच्या भांड्यावर बोटाच्या पेराने टकटक करावी. खणखणीत वाजले तर ठीक, भद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे. मागच्या तोंडातून मोबाइलची बॅटरी मारली की केसासारखी रेघही दिसते. दोरीखालची कड बोटाने चाचपून पाहावी, धारदार असेल तर ताणलेले कातडे तिथेच कापले जाते. कातडे उजेडासमोर धरल्यावर एका बाजूला जाड पट्टा दिसला, तर तो पाठीच्या कण्याचा भाग. मध्यावर आला तर चालतो, कडेला आला तर ताण असमान पडतो आणि एकाच बाजूचा आवाज बसतो.

खरी परीक्षा भाद्रपदातल्या दमट हवेत होते. दुपारी कडक लागलेले घुमट संध्याकाळी दोन घरे फिरेपर्यंत सैल पडते. ऊन असेल तर आरतीआधी थोडा वेळ उन्हात ठेवावे. पाऊस असेल तर जुन्या पिवळ्या बल्बपासून हातभर अंतरावर धरून फिरवत राहावे. चुलीजवळ नेले की कातडे कडेला फाटते, किंवा माती तडकते. तेल तर मुळीच चोळू नये. कातडे मऊ पडते आणि पुन्हा ताण धरत नाही.

घुमट एकट्याने घेऊन भागत नाही. आरतीचा ताफा म्हणजे दोन-तीन घुमटे, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), कांसाळे (मोठी झांज) आणि गाणारे वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले लोक. म्हणून दुकानात दोन घुमटे एकाच वेळी वाजवून घ्यावीत, शक्य तर घरचे शामेळही सोबत न्यावे. एक चढे, एक उतरते असेल तर गाणारे स्वर सोडतात. तिसऱ्या घरी घुमट बसले की कुणीतरी मोबाइलवर आरती लावतो. मग तोंडे बंद होतात, हात जोडून नुसते उभे राहायचे उरते. ज्या घरी पोरे परदेशी आणि म्हातारी दोघेच माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली) बसलेली असतात, तिथे वाडा एवढ्यासाठीच तर जातो, की देवापुढे आवाज भरून राहावा. मांडो या गोव्यातल्या संथ कोंकणी गीतप्रकाराला साथ करणारे घुमटही हेच असते. तिथे लय संथ असल्याने बकऱ्याच्या कातड्याची उणीव फारशी जाणवत नाही.

निगा सोपी, पण चुकवू नये. कापडी पिशवीत, खुंटीला टांगून ठेवावे. प्लास्टिकमध्ये बुरशी येते, जमिनीवर ठेवले तर उंदीर कातडे कुरतडतात. कातडे गेले तरी मडके टाकू नये. नवे कातडे रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, कडेवर ओढून, दोरीने आवळून घ्यावे. आधी सावलीत सुकवावे, मग उन्हात. सरळ उन्हात ठेवले तर एक बाजू लवकर आक्रसते आणि दोरी सरकते.

आमचा कौल : घ्यावे, पण श्रावण लागताच. चवथीच्या आठवड्यात मिळणाऱ्या मालाचे कातडे बरेचदा पुरते सुकलेले नसते. दुकानात ते ठणठणीत वाजते आणि पहिल्याच सरावाला सुरकुतते. आधी घेतले तर ताफ्याला दर रविवारी एकत्र बसायला सबबही मिळते. नव्या पोरांचा डावा हात त्याच बैठकांत बसतो.