पैसे चुकते झाले, दावा मात्र चालूच राहिला

कोर्टाबाहेर तडजोड करून ज्यांनी उधारी फेडली आणि त्यानंतर कोर्टाकडे फिरकले नाहीत, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्या बहिणीच्या यजमानांचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. माल देणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी थकली आणि त्याने साडेचार लाखांच्या वसुलीचा दिवाणी दावा लावला. पुढे ओळखीच्या माणसाने मध्ये पडून ३ लाख ८० हजारांवर मिटवलं. भाऊजींनी ठरलेली सगळी रक्कम दिली. व्यापारी म्हणाला, "आता तारखेला हेलपाटे घालू नका. मी वकिलांना सांगून दावा काढून घेतो." भाऊजींनी आपल्या वकिलांना मिटल्याचं कळवलं. त्यांनीही 'पक्षकाराच्या सूचना नाहीत' अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन अंग काढून घेतलं.

दावा काही निघाला नाही. नंतर आम्ही रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढली, तर तारखेमागून तारीख एकच नोंद: 'वादी व वकील हजर. प्रतिवादी पुकारता गैरहजर.' शेवटी एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादीच्या गैरहजेरीत दिलेला कोर्टाचा निकाल) झाला, तोही पूर्ण साडेचार लाखांचा, वर व्याज आणि दाव्याचा खर्च. आम्हाला हे कळलं कधी, तर बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर पाण्याच्या टाक्या न् पाइपांचे गठ्ठे मोजून यादी करू लागला तेव्हा. ताईला त्या दिवशी सावरणं कठीण गेलं.

पावती होती. व्यापाऱ्याच्या लेटरपॅडवर, 'आपणाकडून मालापोटी रु. ३,८०,०००/- मिळाले', खाली सही. दाव्याचा नंबर कुठेच नाही. व्यापाऱ्याने कोर्टात बेधडक लिहून दिलं की ती रक्कम दुसऱ्याच बिलांची. हा माणूस चहा पाजून, हात हातात घेऊन 'मिटलं बरं का' म्हणाला होता. याला मी सरळ लबाडी म्हणतो.

दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, हुकूमनामा बरोबर की चूक हे तपासलं जात नाही. आधीच पैसे दिले होते, हा बचाव तिथे चालत नाही. त्यामुळे एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली मूळ कोर्टात अर्ज करावा लागला. त्याची ३० दिवसांची मुदत उलटलेली, म्हणून सोबत विलंबमाफीचा अर्ज. निम्मी रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर जप्ती तूर्त थांबली आहे.

तडजोड करायचीच असेल तर ती कोर्टाच्या कागदावर आणा. आदेश २३ नियम ३ प्रमाणे लेखी तडजोड पुरसिस दाखल होते. तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात, वकिलांच्याही घ्या. पैसे बँकेतूनच द्या आणि पावतीवर दाव्याचा नंबर, 'या दाव्यातील संपूर्ण येणे मिळाले' हे शब्द लिहून घ्या. शेवटचा हप्ता पुरसिस दाखल होते त्याच दिवशी द्या, आधी नको. लोकअदालतीत मिटवलं तर आणखी बरं: तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि वादीला कोर्ट फी परत मिळते, म्हणून समोरचाही लवकर तयार होतो.

हुकूमनामा झाल्यावर बाहेर पैसे देणाऱ्यांनी तर फारच जपावं. आदेश २१ नियम २ प्रमाणे त्या भरण्याची कोर्टात नोंद व्हावी लागते. समोरच्याने केली नाही तर आपण ३० दिवसांत अर्ज करायचा. नोंद नसलेला भरणा दरखास्त चालवणारं कोर्ट विचारातच घेत नाही, आणि दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते.

चेक बाउन्सची केस वेगळी चालत असेल तर दिवाणी दावा मिटल्याने ती आपोआप मिटत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक बाउन्सचा कायदा) कलम १४७ खाली तडजोडीची नोंद होईपर्यंत तारखेला हजर राहा, नाहीतर वॉरंट निघतं. तारणाला दिलेले कोरे चेक आणि वचनचिठ्ठी परत घ्या. मूळ कागद कोर्टात दाखल असतील तर ते कोर्टाकडे अर्ज करून मिळतात.

ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की दावा निकाली निघाला की चालू आहे ते घरबसल्या दिसतं, पुढची तारीखही. ज्यांनी तोंडी शब्दावर पैसे दिलेत त्यांनी आजच पाहा, आणि दावा चालू दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वकिलांना गाठा.