ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम : स्ट्रासबूर्ग ते केल

फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गहून ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाणाऱ्या ट्रामच्या डी मार्गाने मी आठवडाभर रोज ये-जा केली. दोन देशांच्या शेजारी प्रदेशांनी मिळून उभी केलेली इतकी सुरळीत सेवा मी अन्यत्र पाहिलेली नाही.

शहरात चालणारे साधे तिकीटच केलपर्यंत चालते. पलीकडच्या ऑर्टेनाऊ जिल्ह्यात हिंडायचे असेल, तर दोन्हीकडे चालणारा 'युरोपास' हा दिवसभराचा पास घ्यावा. पोर द्यु रँ हा थांबा सुटला की ट्राम बेआतुस रेनानुस पुलावर चढते. या पुलावर मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे रुळांशेजारून लोक निवांत चालत किंवा सायकलवरून जाताना दिसतात. पाट्यांवरची भाषा बदलते, तेवढीच काय ती सीमेची खूण. परतताना समोर बसलेल्या आजींच्या पिशवीतून शाम्पूच्या बाटल्या आणि नातवंडासाठी घेतलेला डायपरचा गठ्ठा डोकावत होता. या वस्तू केलमध्ये स्वस्त मिळतात, म्हणून शनिवारी डब्यात उभे राहायलाही जागा नसते.

केल हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि 1953 पर्यंत टप्प्याटप्प्याने जर्मनीकडे परत गेले, हे आठवले की या गर्दीचे मोल कळते. पूर्वीची ट्राम महायुद्धात बंद पडली होती; ती 28 एप्रिल 2017 रोजी पुन्हा नदीपार गेली आणि 2018 मध्ये केलच्या नगरपालिकेपर्यंत पोहोचली. दोन्ही काठांच्या गावांनी आणि शहरांनी 2005 मध्ये करार करून स्थापलेल्या, 2010 पासून स्वतंत्र कायदेशीर दर्जा असलेल्या 'युरोडिस्ट्रिक्ट' या संयुक्त संस्थेने एकत्र काम करण्याची जी सवय लावली, तिचे हे दिसणारे रूप आहे.

उणीव एकच, पण मोठी : सीमेचा निर्णय शेवटी राजधानीत होतो. 2020 च्या महासाथीत ट्राम फ्रेंच काठावरच थांबवावी लागली होती. वाद पेटला की बेळगावची एस.टी. सीमेच्या अलीकडेच थांबते, हे पाहत वाढलेल्या मला त्या बातमीने फार वाईट वाटले होते. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा.

रविवारी केलमधली दुकाने बंद असतात. त्या दिवशी ट्रामने जावे आणि 2004 मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावरून, दोन्ही काठांवर पसरलेल्या बागेतून, चालत परत यावे.